हरल्यावर पुढे येणारा

सामना जिंकला की कोच गायब व्हायचा. कार्ल्सरूहेच्या आमच्या छोट्या क्लबात आम्ही गळ्यात गळे घालून नाचत असायचो आणि तो मैदानाच्या टोकाला प्लास्टिकचे शंकू गोळा करत फिरायचा. हरलो की मात्र मुद्दाम सॉसेजच्या शेगडीपाशी, पोरांच्या आईबापांत जाऊन उभा राहायचा. "बोला, मी ऐकतोय." मग ते बोलायचे. आमच्यापर्यंत त्यातलं काही यायचं नाही.

खेळ अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घालून, बॉल छातीशी धरून धडका मारण्याचा. अमेरिकन सैन्यातून जर्मनीत आलेला हा माणूस इथलीच बायको करून राहिला. दिवसा बेकरीची गाडी चालवायचा, संध्याकाळी आम्हाला शिकवायचा. "मला मोठ्या लीगमध्ये जायचं होतं," म्हणायचा. "आल्झो," म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', "आता तिलाच इकडे यावं लागेल."

मी पीएच.डी. करणारा पुण्याचा चष्मिस. मला त्यानं घेतलं ते पायानं दोन खांबांमधून बॉल मारायला. "धडकांसाठी माझ्याकडे बैल आहेत. तू नुसता मार." सामन्याआधी तो प्रत्येकाच्या हेल्मेटवर हात ठेवून विचारायचा, "कुठे दुखतंय? खरं सांग. मी बाहेर बसवतो, रागवत नाही."

त्या वर्षीचा शेवटचा सामना हरलो, तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता. नेमके तेव्हाच सासू-सासरे पुण्याहून आले होते. मांडी आठवडाभर दुखत होती. एरवी मला 'तू' म्हणणारी बायको आईवडिलांदेखत म्हणाली, "अहो, पाय ओढताय तुम्ही. सांगा ना त्यांना."

"गप्प बस. बाबा बघतायत."

सासरे खुशीत होते. "जावईबापू, ही माणसं खेळतायत की भांडतायत? तुमचा नंबर कधी?"

कोचनं हेल्मेटवर हात ठेवला. मी म्हणालो, "काही दुखत नाही."

शेवटच्या क्षणी त्यानं बैलांना थांबवून मला बोलावलं. पाय अर्ध्यातच आखडला, बॉल खांबाबाहेर गेला. मी लंगडत बाहेर आलो तेव्हाच त्याला सगळं कळलं असणार. "जा, बर्फ लाव," एवढंच म्हणाला आणि शेगडीकडे गेला.

कोच ठेवायचा की नाही, हे सभासद हात वर करून ठरवायचे. सभेत अध्यक्षानं विचारलं, "बॉल घेऊन पळत गाठण्याइतकंच अंतर उरलं होतं. किक का मारायला लावलीस?"

"निर्णय माझा होता," कोच म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

तेव्हा उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. इथवर मी बायकोजवळ कबूल केलंय. पुढचं तिलाही माहीत नाही. त्याला काढण्यासाठी हात वर जाऊ लागले आणि माझा खाली राहिला तर लोक कारण विचारतील, या भीतीनं मीही हात वर केला. त्यानंतर त्याला कुठल्याही क्लबानं बोलावलं नाही.

सभा संपताना निरोपाची टोपली आली, वाइन आणि सॉसेजची. "तूच दे," अध्यक्ष मला म्हणाला. "तुझ्यावर जीव होता त्याचा."

टोपली त्याच्या हातात देताना मी पुटपुटलो, "कोच, मी..."

"आत्ता नको," तो हळूच म्हणाला. "फोटो काढतायत. हस."

मी हसलो. तो फोटो क्लबात अजून लावलेला आहे. त्यात कोचपेक्षा मीच जास्त खूश दिसतो.