अ‍ॅसिटोनमध्ये पाणी

मांडव्याच्या जेट्टीवर बोट सुटत आली तरी आई रडली नाही. काका मात्र चारचौघांत म्हणाले, प्लास्टिक धुवायला एवढ्या लांब जर्मनीला कशाला जायचं? बाबांनी माझी बॅग वर चढवली आणि हळूच सांगितलं, "कंटाळलीस तर ये. कुणी घालवली म्हणून येऊ नको."

जर्मनीतल्या लॅबमध्ये मी प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर दुसऱ्या रसायनाच्या साखळ्या वाढवत होते. ग्राफ्टिंग. आमच्या गावी, चौलला, आपण आंब्याचं कलम करतो त्यालाही हाच शब्द, पण इथे सुरीऐवजी अतिनील दिवा. दिवा तोच, फिल्म तीच. रसायन कशात विरघळवलंय त्यावर साखळ्या धरणार की नाही ते ठरतं. सगळे नुसतं अ‍ॅसिटोन वापरायचे. मी त्यात पाणी मिसळलं आणि फिल्म चांगलीच जड झाली, म्हणजे साखळ्या धरल्या.

आमच्या प्रमुखांना ते पटेना. प्लास्टिक पाणी धरतच नाही, तू वरचा न धुतलेला चिकटा तोलते आहेस, असं त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं. हे काम दुसऱ्याकडे द्यायचंही ठरत आलं होतं. माझं जर्मन तेव्हा बेकरीपुरतं, इंग्रजी अडखळणारं. तरी उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं धुते. तुमच्यासमोर."

गरम पाण्यात फिल्म उकळली, पाणी बदलून पुन्हा उकळली, वाळवली, तोलली. वजन हललं नाही. मग तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. कोऱ्या फिल्मवर मोत्यासारखा उभा राहणारा थेंब इथे सपाट पसरला; पाणी धरणाऱ्या साखळ्या फिल्मलाच जोडल्या गेल्या होत्या. प्रमुख बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, पुढचं मिश्रण तूच ठरव. काम माझ्याकडेच राहिलं.

वादळात आमच्या चौलच्या घराचं छप्पर गेलं, त्यानंतर नवं घर बांधायचं निघालं. मी सुट्टीवर होते. खोल्या वाटताना काका सहज बोलले की हिला कशाला, ही आता तिकडची. मागे राहिलेल्यांनो, हे तुम्ही प्रेमानेच म्हणता; आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, तुम्ही हसून मान डोलावता. मी नाही डोलावली. मी तिकडची आहे आणि इथलीही. दोन्हीकडे जागा मागायला मला लाज वाटत नाही. मला खोली लागेल, असं सरळ सांगितलं.

काका बाबांकडे बघायला लागले. बोलली आई. "खाडीकडची तिची हाय," म्हणाली, आणि गवंड्याला खिडकी मोठी ठेवायला सांगितली.