बायोलॉजी की इलेक्ट्रॉनिक्स

रोह्याच्या कॉलेजात अकरावी प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई वैतागल्या होत्या. "बायोलॉजी की इलेक्ट्रॉनिक्स? एकच सांग. आज जागा नाय घेतली तर गेली." मला मशीनचं डिझाइन शिकायचं होतं, बाबांना मला नर्स करायचं होतं. मी त्यांना फोन लावत राहिले. नुसती रिंग. धाटावला त्यांच्या कंपनीत शिरताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, हे माहीत असूनही मी त्यांच्यावरच चिडले. मागची रांग ओरडायला लागली, तसं मी इलेक्ट्रॉनिक्स म्हणाले.

बाबा शिफ्टवरून आल्यावर भीतभीत सांगितलं. बूट काढत ते म्हणाले, "फोन वाजला तेव्हा मी गेटबाहेरच होतो गो. उचलला असता, तर बायोलॉजीच बोललो असतो."