फटकाऱ्यातलं पांढरं

उभ्या बहारीनमध्ये कोऱ्या कागदासाठी गिऱ्हाइकाशी भांडणारा माणूस एकच, आमच्या गुदैबियातल्या प्रेसमधले चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, हयात पोस्टरं करण्यात गेलेली. पण पन्नाशीत त्यांनी एका चिनी म्हाताऱ्याकडे कुंचल्याची अक्षरं शिकायला घेतली आणि प्रेसची शांतता संपली. कुंचला उचलला की ते श्वास रोखत आणि आम्हालाही रोखायला लावत. कागद हलतो म्हणून ऐन ऑगस्टात एसी बंद. एका मासळीवाल्याने पोस्टर मागितलं; वीस माशांचे फोटो, भाव, फोन नंबर, सगळं हवं होतं. चाचांनी कागदाच्या तळाशी एकच काळा फटकारा मारला, हुबेहूब सुरमईची पाठ, आणि कोपऱ्यात बारीक टायपात दुकानाचं नाव.

"चाचा, बाकी कागद रिकामाच की!" तो कळवळला.

"रिकामा कुठे? समुद्र आहे तो."

"आणि फोटो?"

"फोटो मफी, नाहीत म्हणजे नाहीत. मासा बघायचा तर दुकानात येतील."

गंमत म्हणजे लोक आले.

दर शुक्रवारी चाचा बुसैतीनला त्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे मास्तरांच्या घरी जात. दोघांचं मिळून इंग्रजी एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मास्तर कागद बघत, बाजूला ठेवत आणि चहा देत. आठ वर्षांत ना छान म्हणाले, ना वाईट. "एकदा नुसतं 'हं' म्हणाले तरी पुरे रे," चाचा मला म्हणत.

मग मास्तरांच्या मुलाने हॉटेल काढलं आणि पोस्टर चाचांकडे आलं. मधोमध चिनीतलं 'घर' हे एकच मोठं अक्षर, खाली इंग्रजी-अरबीत पत्ता. पंधरा दिवस चाचा कागद काळे करत होते. शेवटी जमलं. अखेरचा फटकारा इतक्या वेगाने ओढलेला, की कुंचल्याचे केस फाकले आणि काळ्यातून कागदाच्या पांढऱ्या रेषा चमकल्या. दुसऱ्या सकाळी डोळे दाखवायला सलमानियाच्या इस्पितळात जाताना ते म्हणाले, "स्कॅन करून छापायला दे. संध्याकाळी मास्तर येतायत." मला वाटलं, शाई कमी पडली. चाचांची नजर अधू झालेली, आपण नाही सांभाळायचं तर कोणी? मी कंप्युटरवर त्या पांढऱ्या रेषा एकूण एक काळ्या भरल्या, कडा गुळगुळीत केल्या. अगदी मनापासून केलं, तेच अजून टोचतं.

संध्याकाळी मास्तर पोस्टरसमोर उभे राहिले आणि तोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे मेलंय. कोणी मारलं?"

चाचांनी पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी," ते म्हणाले.

मूळ कागद माझ्याच टेबलाच्या खणात होता. खण उघडायला असा किती वेळ लागतो? मी उघडला नाही. मास्तर बरंच बोलले, निम्मं चिनीत, हात हवेत फिरवून फिरवून, आणि निघून गेले. पुढच्याच महिन्यात ते कायमचे चीनला परतले.

ते गेल्यावर मी मूळ कागद चाचांपुढे ठेवला. "तेव्हाच बोलायला हवं होतं मी, चाचा."

त्यांनी तो न उलगडताच कपाटावर टाकला. "नाही बोललास तेच बरं. तुझ्यावर रागावले असते, त्याचा मला काय उपयोग? आठ वर्षं मी चहा पिणारा पाहुणा होतो रे. पाहुण्यावर कोण रागावतं? शागीर्दावरच रागावतात."

असं म्हणून ते हसले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की माझं मन राखायला ते बोलले, हे मला आजही त्यांना विचारवत नाही.