बाइंडरच्या दुकानातलं ‘कशावरून’ मंडळ

"बाइंडरसाहेब, देव नाही, माणसानंच माणसाचं पाहायला हवं, असं तुम्ही पुस्तकं शिवता शिवता गिऱ्हाइकांना ऐकवता. त्यापेक्षा शनिवारी दुपारी चारचौघांना बसवून बोला की. मी येते."

निवृत्त मास्तरीणबाईंची ही चिठ्ठी मिळाली आणि बाइंडरनं खरंच मंडळ काढलं. कागदाच्या गठ्ठ्यांवर चौघं बसायची: तो, बाई, शेजारचा शिंपी आणि दवाखान्यातली नर्स. नियम एकच. कुणी काही ठामपणे म्हटलं, की बाकीच्यांनी "कशावरून?" विचारायचं. शिंप्याच्या तर ते तोंडातच बसलं. बायको भाजी खारट झाली म्हणाली तरी विचारायचा आणि बोलणी खायचा.

तिसऱ्या वर्षी एका शनिवारी बाइंडर खळीचे हात पुसत म्हणाला, "माझे तीन महिने उरलेत."

"कशावरून?" शिंपी बोलून गेला.

नर्सनं तोंडावर हात ठेवला. शिंपी पांढराफटक पडला. "दादा, जीभ झडो माझी!"

"का रे? नियमानंच विचारलंस." बाइंडर गठ्ठ्यावर बसला. "एका डॉक्टरच्या एका रिपोर्टवरून. दुसऱ्याला विचारायचं धाडसच होत नाही. बाई, याल बरोबर?"

"सोमवारी नऊला तयार राहा."

रविवारी दुपारी अर्धवट शिवलेल्या वहीवर मान टाकून तो गेला. तीन महिने कसले, धड दोन दिवससुद्धा मिळाले नाहीत. सोमवारी नऊला बाई ठरल्याप्रमाणे चपला घालून आपल्या दारात उभ्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं राहिलं ते राहिलंच.