टँकरचा मूकपट

मुलगी नऊ वर्षांची असताना तिनं जाहीर केलं, की दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात ती यापुढे तोंड उघडणार नाही. कारण होतं. आदल्या वर्षी गणपतीतल्या नाटकात तिनं आपलं एकुलतं एक वाक्य अशा अस्सल हिंदी हेलात म्हटलं, की सगळा हॉल हसला. मीही हसले. ते तिनं पाहिलं. वर्षभर माझ्या मनात ते सलत राहिलं.

मग मला मूकपट सुचला. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच द्वारकेत राहायला आलो होतो. भावानं दुबईहून हँडीकॅम आणला होता आणि त्यात काळं-पांढरं चित्र घ्यायची सोय होती. बोलायचंच नाही, तर हसणार कशाला? मुलीनं दोनदा खात्री करून घेतली, की खरंच काही बोलायचं नाही, आणि मग नायिका व्हायला राजी झाली.

गोष्ट घरचीच. दुष्ट खलनायक सोसायटीचा पाण्याचा टँकर पळवतो आणि नायिका सायकलवरून त्याचा पाठलाग करते. द्वारकेत तेव्हा नळाला पाणी नव्हतं आणि रस्त्यावर गाड्या नव्हत्या, त्यामुळे टँकर आणि पाठलाग दोन्ही आयते मिळाले. खलनायक झाले वरच्या मजल्यावरचे काका, मंत्रालयातले मोठे साहेब. त्यांना लोकरीच्या मिशा चिकटवल्या. मूकपटात सगळं जरा जास्तच करायचं असतं. रडताना कपाळाला हात, घाबरताना डोळे बटाट्याएवढे. काकांना मात्र फाइल परत पाठवल्यासारखी मान हलवण्यापलीकडे काही जमेना. शिवाय ते संवाद मोठ्यानं म्हणायचे, कारण त्याशिवाय म्हणे चेहऱ्यावर भाव येत नाही. उलट खऱ्या टँकरवाल्यानं पहिल्याच फटक्यात छाती पिटून असा आक्रोश केला, की काका दिवसभर खट्टू होते.

संवादांच्या पाट्या माझ्याकडे. करोल बागेतून काळे पुठ्ठे आणले, त्यावर पांढऱ्या रंगानं नाजूक, वळणदार अक्षरं काढली आणि भोवती वेलबुट्टी. मुलगी एकेक पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. धरून धरून तिला सगळ्या पाठ झाल्या. माझ्या अक्षराचा मला भारी अभिमान, त्यामुळे एकही पाटी मी दुसऱ्या कुणाला लिहू दिली नाही.

गणपतीत संध्याकाळी मंडळाची माणसं सोसायटीच्या हॉलमध्ये जमली आणि टेबलावर टीव्ही मांडला. पहिली पाटी आली आणि मागून कुणीतरी विचारलं, काय लिहिलंय? दुसऱ्या रांगेच्या मागे कुणालाच काही वाचता येईना. नाजूक अक्षरानं घात केला होता. पाट्या वाचून दाखवायला मी मागच्या भिंतीपासून निघाले, तेवढ्यात पुढे सतरंजीवर बसलेली मुलगी उठली, टीव्हीशेजारी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पाणी माझं, तहान तुमची."

हेल तोच. हॉल खदखदून हसला. आता ही रडत बाहेर पळणार, असं मला वाटलं. तिनं लोकांकडे रोखून पाहिलं, मग टीव्हीकडे. तिथे काका मिशीला पीळ देत होते आणि मिशी त्यांच्या हातात आली होती. तीही हसली. पुढची पाटी तिनं हशा ओसरेपर्यंत थांबून वाचली, त्यापुढची काकांच्या थाटात. टँकर परत आला, नायिका जिंकली, टाळ्या पडल्या. मी मात्र शेवटपर्यंत ओठ घट्ट मिटून उभी होते. आज काही झालं तरी हसायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं.

घरी जाताना जिन्यात ती म्हणाली, "आई, सगळे हसले यार. तूच नाही हसलीस."

मी म्हटलं, मागच्या वर्षी हसले होते ना, म्हणून.

ती दोन पायऱ्या वर जाऊन थांबली. "पण आज तर हसायचं होतं."