सुजाताची बिनकामाची सुट्टी

सुजाता वानखेडेचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या हिवाळ्यात आधी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, मग हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत पाचच्या पाळीला उभं राहायचं. माझे गुडघे गेले तोवर मी तिच्याच बरोबर होते. ओली चादर जड असते. दोघींनी दोन टोकं धरून ती इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात सरळ सारायची. कोपरा वाकडा गेला तर चादर परत धुवायला. सुजाताचा कोपरा क्वचितच वाकडा जायचा. गेलाच तर ती स्वतःला शिवी द्यायची आणि पुढची चादर उचलायची.

नवरा गेल्यावर याच मजुरीवर तिने मुलाला, प्रफुल्लला, शिकवलं. तो आता आयटीत आहे. तिच्या सगळ्या सुट्ट्या मात्र नागपूरला गेल्या. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, घराची नोंदणी. परत आली की म्हणायची, आता कामावर जरा आराम मिळेल.

आमच्या पाळीत व्हासिलिकी नावाची ग्रीक बाई होती. निवृत्त होऊन ती आपल्या गावी परतली. ग्रीसच्या दक्षिण टोकाला, कलामाता शहराच्या खाली, समुद्राला लागून तिचं गाव आहे. तिने आम्हा दोघींना बोलावलं. ऑगस्टच्या पंधराला मेरीमातेचा सण असतो, तेव्हा या म्हणाली. सुजाताने मला न विचारता दोघींचा होकार कळवला.

आमच्या इथल्या बुद्धविहारात ही बातमी पोचली. सोनल नावाची एक तरुण मुलगी म्हणाली, "काकू, ग्रीस? तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणूनच चाललेय. कुणासाठी साड्या न्यायला नकोत."

प्रफुल्लला ते पटलं नाही. "आई, तुला एवढं चालणं झेपणार नाही. इंडियाला जा, नाहीतर मी तुला क्रूझ बुक करून देतो. मस्त बसून राहायचं."

"बसायला मी काय फुलदाणी आहे?"

"मग मी येतो बरोबर. तिकिटं मीच काढतो."

"ये. तुझं तू काढ. माझा खर्च माझ्या पगारातून होईल. आणि एक ऐक. तिथे मला 'आई, बस' म्हणायचं नाही."

त्याने ते पहिल्याच दिवशी म्हटलं. किनाऱ्यावर छत्रीखाली दोन खुर्च्या घेतल्या आणि आम्हा दोघींना म्हणाला, "आई, मावशी, बसा." सुजाता पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालून थेट पाण्यात गेली. तिथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे थंडगार झरे फुटतात. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून ती ओरडली, "वरून समुद्र आणि खालून फ्रीज!" प्रफुल्ल काठावरून हात हलवत राहिला, मागे ये म्हणून. ती आली नाही. मग मीही गेले.

एक दिवस आम्ही मेथोनीला गेलो; तिथला किल्ला पाण्यात घुसलेला आहे. प्रफुल्ल फोनवरून वाचून दाखवत होता, तो कुणी बांधला, कुणी जिंकला. सुजाता तटाला हात लावत चालली होती. "दगड कुणी वाहिले, ते लिहिलंय का?"

"आई, ते कुठे लिहितात?"

"मग राहू दे."

पंधरा तारखेला सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली. संध्याकाळी चौकात लांब टेबलं लागली, भाजलेलं डुकराचं मांस, वाइन, वर दिव्यांच्या माळा. क्लॅरिनेट सुरू झालं आणि माणसं हातात हात धरून गोल नाचायला लागली. सुजाताचे पाय थांबेनात. नागपूरला भीमजयंतीच्या मिरवणुकीत ती कायम बँडच्या पुढे नाचलेली. तिथे जागा मागायची नसते, घुसायचं असतं. ती इथेही घुसली, सगळ्यांच्या पुढे. रांगेच्या टोकाला एक जाडजूड म्हातारा रुमाल फिरवत होता, तिने त्याचाच हात धरला.

क्लॅरिनेट थांबलं. म्हाताऱ्याने हात सोडवला. एका टेबलावर कुणीतरी हसलं.

प्रफुल्ल धावत आला. "आई, चल यार, सगळे बघतायत. बस आता."

"बघू दे." ती व्हासिलिकीकडे वळली. "मी काय चुकले?"

व्हासिलिकीने सांगितलं. वादकांना पैसे देऊन जो नाच मागतो, पुढची जागा त्याची. हा नाच त्या म्हाताऱ्याचा होता. बाकीच्यांनी रांगेच्या शेपटाला जोडून घ्यायचं, कुणाचाही हात धरायचा, विचारायचं नाही.

"मग चूक माझीच." सुजाताने म्हाताऱ्याला हात जोडले आणि शेपटाला गेली. शेजारच्या मुलीने तिच्याकडे न बघता हात पुढे केला.

पहिल्या नाचात ती सगळ्यांना धडकली. दुसऱ्यातही. खुर्चीवर मात्र आली नाही. नवं यंत्र शिकताना करायची तसं तिने केलं. स्वतःच्या पायांकडे बघणं सोडलं, शेजारणीच्या पायांकडे बघितलं. तिसऱ्या नाचात पावलं बसली. मग ती टेबलाशी आली आणि पर्स उघडली.

प्रफुल्लने पाकीट काढलं. "मी देतो."

"तुझे नकोत."

"अगं पण पुढे उभं राहायचं म्हणजे सगळे तुझ्या मागे. चुकलीस तर?"

"तर सगळे चुकतील. जबाबदारीची जागा आहे. उगाच पैसे पडतात होय?"

तिने नोटा क्लॅरिनेटवाल्याला दिल्या. त्याने व्हासिलिकीकडे बघितलं, तिने मान हलवली. तोच म्हातारा उठला आणि दुसऱ्या नंबरला उभा राहिला. त्याने रुमालाचं एक टोक सुजाताच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. अख्खा चौक त्यांना जोडला गेला. तिने उड्या मारल्या नाहीत, गिरक्या घेतल्या नाहीत. पाऊल सरळ, पाठ ताठ. एकदा चुकली, तिथेच सावरली. प्रफुल्ल तिच्या जवळ घुसायला लागला तेव्हा ती वाद्यांवरून ओरडली, "इथे नाही! शेपटाला जा!" तो मुकाट्याने मागे गेला आणि व्हासिलिकीच्या भाच्याचा हात धरला.

गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणासुदीच्या दिवशी, हॉटेलच्या तळघरात तिने केलेल्या जादा पाळीची मजुरी क्लॅरिनेटवाल्याच्या खिशात गेली. त्याबदल्यात त्याने एक नाच पूर्ण वाजवला, आणि तो सुजाताचा होता.