चतुराचे काळे पाय

कोकणातून यवतमाळच्या नेर तालुक्यातल्या या तलावावर मासळीच्या राखणीला आलो, तेव्हा माझी शाळा सातवीपर्यंतची, तीही रडतखडत. कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. कॉलेजच्या बाईंनी कधी विचारलंच नाही. चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारे ते लांब शेपटीचे किडे, मोजायला त्या दर पंधरा दिवसांनी यायच्या. एकदा जाताना जाळी, वही आणि चित्रांचं पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेल्या. "तुम्ही रोज इथं असता दादा, तुम्हीच बघा." एवढा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता.

पुस्तकात एक उत्तरेकडचा चतुर होता. अंग पिकल्या मिरचीसारखं लाल, कमरेशी बारीक, पाय पूर्ण काळे. थंड मुलखातला, आपल्याकडे उतरत नाही. आपला लाल चतुर जवळपास तसाच, पण त्याच्या पायांवर पिवळी रेघ असते.

एका सकाळी काठाच्या चिखलात जाळी आपटून मी एक लाल चतुर धरला. पाय कुळकुळीत काळे! घाईत काढलेला फोटो अस्पष्ट आला. चतुर सोडला, वहीत नोंद केली आणि फोटो बाईंना पाठवला.

माझ्या जोडीचा म्हातारा राखणदार तंबाखू मळत होता. "काहून रे कोकण्या, लेकरावानी चतुराच्या मांग धावून राह्यला? थो तुले पोरगी पाहून देनार हाय का?"

तेवढ्यात बाईंचा फोन. "फोटोत कळत नाहीये. दादा, पाय नीट बघितलेत ना?"

"हो बाई. काळेच."

मग हात धुवायला वाकलो. बोटांवरून काळं पाणी उतरलं. आमच्या गावची माती तांबडी. इथली काळी माती कशी चिकटून बसते ते मला सुचलंच नाही. चतुराचे पाय मी पुसलेच नव्हते.

तेव्हाच फोन करायला हवा होता. आठ दिवस केला नाही. जाळी परत मागतील, ही भीती. माझ्या शब्दावर विसंबून बाईंनी त्या चतुराच्या नकाशात यवतमाळ जिल्ह्यात ठिपका टाकला. बाकीचे ठिपके वर उत्तरेला, डोंगरात. खाली हा एकटाच. "तुमच्यामुळे, दादा," म्हणाल्या. पुण्याहून दोघे अभ्यासक खास बघायला येणार होते. मला जेवण जाईना.

शेवटी म्हाताऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. "मंग सांगून टाक ना. बाई का खाते तुले? उद्या ते लोक तिले हासतीन, तवा कोठी तोंड लपवशीन?"

फोन लावला. "बाई, पायाला माती होती. मी पुसली नव्हती."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

"त्याच दिवशी."

"ठिपका काढते," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला त्या आल्या, तेव्हा मी वहीतलं ते पान फाडायला निघालो. "फाडू नका. खाली लिहा, काय झालं ते." त्यांच्यासमोर बसून, ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती घेत मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि वही माझ्याच हातात परत दिली.

आता पाण्याची बाटली सोबत नेतो, ओल्या बोटानं एकेक पाय पुसतो. वही उघडताना मात्र अजून ते पान न बघताच चिमटीत धरून उलटतो.